वाचकांचे प्रश्न : बोट्स्वानाला शिकायला जाताना

प्रश्न : मुलीला गाबोरोनच्या युनिव्हर्सिटी ऑफ बोट्स्वानात प्रवेश मिळालाय. ऑगस्टमध्ये निघायचंय. आफ्रिका म्हणजे उकाडा आणि मलेरिया, एवढंच आम्हाला ठाऊक. तयारी काय करावी?

उत्तर : बॅगेत आधी लोकरीचे कपडे भरा. तिथे जून ते ऑगस्ट हिवाळा असतो. दुपारी ऊन चटकतं, पण पहाटे पारा एकआकडी उतरतो, क्वचित शून्यापर्यंत. खोल्या गरम ठेवायची सोय बहुधा नसते, त्यामुळे थंडी घरातच जास्त बोचते. उकाडा ऑक्टोबरपासून, आणि तो मात्र कडक. लष्करी छापाचे कपडे, टोपी, सॅक अजिबात नको. सामान्य माणसाने ते वापरणं तिथे गुन्हा आहे.

मलेरिया उत्तरेला, चोबे आणि ओकावांगोच्या भागात. गाबोरोन दक्षिणेला आहे, रोज गोळ्या लागत नाहीत. पावसाळ्यात तिकडे सहल ठरली, तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

खरा घोळ होतो तो तिकिटात. बोट्स्वानात पिवळा ताप नाही. पण विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे, म्हणजे हा ताप असलेल्या देशांतून जाणार असेल, तर त्याच्या लसीचा दाखला जवळ हवाच. तो नसेल तर परतताना आपल्याकडेही सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, आणि निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, कारण दाखला त्यानंतरच ग्राह्य धरतात. जोहान्सबर्गमार्गे जायचं असेल तर मुंबई ते गाबोरोन एकच तिकीट काढा. दोन वेगळी काढली की बॅग घ्यायला इमिग्रेशनबाहेर यावं लागतं, आणि तेवढ्यासाठी दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा लागतो.

प्रश्न : ती शाकाहारी आहे. खाण्याचं आणि लोकांत वावरण्याचं कसं?

उत्तर : समारंभात हमखास असतं ते सेस्वा, म्हणजे उकडून कुटलेलं मांस, बहुतेकदा गाईचं. तिच्यासाठी फालेचे (मक्याच्या पिठाची घट्ट उकड), मोरोगो ही पालेभाजी आणि चवळी आहे. भाजी मांसाबरोबर शिजवली नाही ना, हे मात्र विचारावं. गाबोरोनमध्ये भारतीय वाणसामान मिळतं, डाळ-तांदळाचं ओझं नको. छोटा कुकर न्यावा.

दुकानात, कार्यालयात थेट कामाचं विचारणं उद्धट समजतात. आधी बाईंना 'दुमेला म्मा', पुरुषाला 'दुमेला रा' असा नमस्कार करायचा, उत्तराची वाट पाहायची, मग काम. पैसे देता-घेताना उजवा हात पुढे आणि डावा उजव्या कोपराला लावलेला. एवढं जमलं तर खिडकीमागचा कारकूनही मोकळा होतो.

शहरात फिरायला कॉम्बी, म्हणजे ठरलेल्या मार्गावरची छोटी व्हॅन, नंबरप्लेट निळी. अंधार पडल्यावर ओळखीची टॅक्सी बरी. भाडं 'पुला' या तिथल्या चलनात द्यायचं, म्हणून सुटे ठेवावेत. प्लग बरेचदा ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी पिनांचे. एक-दोन अॅडाप्टर इथूनच घ्या.