लिव्हरमध्ये गाठ निघाली, पण ती आली कुठून?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही गुहागरकडचे. आमच्या आप्पांना (वय ६१) बरेच महिने जुलाब होतायत, मधूनच चेहरा लालबुंद होतो, आम्ही म्हटलं पित्त असेल. आता चिपळूणला सोनोग्राफी केली तर लिव्हरमध्ये तीन-चार गाठी निघाल्या आणि बायोप्सीत 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, ग्रेड २, केआय-६७ ८ टक्के' असं आलंय. नातेवाईक म्हणतात लिव्हर कॅन्सर झाला, इरफान खानला हाच होता, आता उगाच मुंबईला नेऊन हाल करू नका. खरंच काही करण्यासारखं नाहीये का?

उत्तर : आहे, भरपूर आहे, आणि आप्पांना मुंबईला न्यायलाच हवं.

पहिली गोष्ट म्हणजे आपण ज्याला नेहमीचा लिव्हर कॅन्सर म्हणतो तो हा नाही. हा हार्मोन तयार करणाऱ्या पेशींचा ट्यूमर आहे आणि लिव्हरमध्ये सापडला तरी बहुतेक वेळा तो तिथला नसतो, छोट्या आतड्यातून किंवा पॅनक्रियाजमधून तिथे पोचलेला असतो. मूळ गाठ कधीकधी इतकी बारीक असते की साध्या सीटी स्कॅनला दिसतच नाही आणि लिव्हरमधल्या गाठी मात्र मोठ्या झालेल्या असतात. लिव्हरमध्येच सुरू झालेला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असतो, पण फारच दुर्मिळ, आणि बाकी सगळीकडे शोधून काही सापडलं नाही तरच तसं म्हणायचं. मूळ गाठ शोधायला गॅलियम डोटा पेट-सीटी नावाचा स्कॅन लागतो, त्यात या ट्यूमरच्या गाठी उजळून दिसतात, तो आधी करून घ्या, शिवाय लिव्हरचा ट्रायफेजिक (तीन टप्प्यांत काढलेला) सीटी किंवा एमआरआय, आणि लागली तर एन्डोस्कोपी.

केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढीच्या तयारीत आहेत तो आकडा. ३ च्या खाली ग्रेड १, ३ ते २० ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. आप्पांचा ८ आहे, म्हणजे हळू ते मध्यम वेगाने वाढणारा. अशा ग्रेडचे पेशंट योग्य उपचारांवर कित्येक वर्षं काढतात, म्हणून 'आता काय उरलंय' हे बोलणं घरात बंद करा, आप्पांच्या कानावर तर पडूच देऊ नका. इरफान खानचं नाव सगळेच घेतात, पण एकाच नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार येतात, अवयव वेगळा, ग्रेड वेगळी, त्यावरून आप्पांचं काही ठरत नाही.

जुलाब आणि चेहरा लाल होणं हे पित्त नाही वाटत मला. आतड्यातल्या गाठीतून निघणारं सेरोटोनिन हे हार्मोन एरवी लिव्हर मोडून टाकतं, पण लिव्हरमध्येच गाठी असल्या की ते थेट रक्तात आणि हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथल्या झडपा जाड होऊ शकतात, म्हणून टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, जरूर करा. चोवीस तासांच्या लघवीची फाइव्ह-एचआयएए (सेरोटोनिन मोडून तयार होणारा पदार्थ) टेस्ट सांगतील, तिच्या आधी तीन दिवस आणि लघवी गोळा करतानाही केळी, अननस, टोमॅटो, वांगं, अक्रोड बंद, नाहीतर रिपोर्ट चुकीचा वाढलेला येतो. क्रोमोग्रॅनिनची (या पेशी रक्तात सोडतात त्या प्रोटीनची) रक्ततपासणी असेल तर अ‍ॅसिडिटीच्या पॅन्टोप्राझोलनेही तो आकडा वाढतो, त्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. आणि ऑपरेशन किंवा कुठलीही प्रोसिजर ठरली तर भूलतज्ज्ञांना हा आजार आहे हे आवर्जून सांगायचं, कारण भुलेत बीपी एकदम कोसळू शकतं, त्यासाठी ऑक्ट्रिओटाइड, म्हणजे या गाठींचे हार्मोन रोखणारं इंजेक्शन, तयार ठेवावं लागतं.

उपचारात गाठी काढण्यासारख्या असतील तर ऑपरेशन पहिलं. नसतील तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं दर २८ दिवसांनी इंजेक्शन, त्याने जुलाब आटोक्यात येतात आणि गाठीची वाढही रोखली जाते. हे इंजेक्शन गावात घेता येतं, फक्त लांबच्या प्रवासात आइसबॉक्समध्ये आणा आणि बर्फाला थेट टेकवू नका, ते गोठलं तर वाया जातं. डोटा स्कॅनमध्ये गाठी नीट उजळल्या तर ल्युटेशियम थेरपीचा विचार होतो, साधारण आठ-आठ आठवड्यांनी चार डोस, औषध त्या गाठींना जाऊन चिकटतं आणि आतूनच रेडिएशन देतं. नंतर काही दिवस नातवंडांना आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला लांब ठेवायचं, एवढं पाळा. याशिवाय गाठीची रक्तवाहिनी बंद करणं, एव्हरोलिमससारख्या गोळ्या, हेही आहेच.

जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइड्स लॅबमधून मागून घ्या, ते परत तपासतात आणि पुन्हा सुई टोचायची वेळ टळू शकते. परळच्या टाटाला दाखवा. रेशनकार्ड, आधार बरोबर असू दे, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा.

प्रश्न : डॉक्टर, मी दापोलीची, वय ४९, माझाही चेहरा अचानक गरम होतो आणि घामाने भिजते. मलाही असलं काही असेल का?

उत्तर : ताई, या वयात घामाने भिजवणारी गरमी बहुतेक पाळी जाण्याची असते. या ट्यूमरमध्ये चेहरा लाल होतो तो सहसा कोरडा, घाम नसतो. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. मात्र बरोबर पातळ जुलाब असतील, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा छातीत घरघर होत असेल तर फिजिशियनला हे सगळं एकत्र सांगा, वेगवेगळं नको.