टेक्सासला येताय आणि पोरगा फुटबॉल खेळतो, तर हे आधी वाचा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कंपनी एल-वन व्हिसावर, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर, जूनमध्ये डॅलसला पाठवतेय. पोरगा तेरा वर्षांचा, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळत वाढलेला. कुणीतरी सांगितलंय की टेक्सासच्या शाळांत फुटबॉलचा नाद खुळा आहे, चांगला खेळला की कॉलेज फुकट. म्हणून तुम्ही विचारताय, जानेवारीत सॅन अँटोनिओला देशभरातली निवडक शाळकरी पोरं खेळतात तो सामना त्याला दाखवावा का, आणि घर त्या हिशेबानं बघावं का. मी शिवाजी पेठेतला, डॅलसच्या उत्तरेला सोळा वर्षं झाली. सामना जरूर दाखवा. घर त्या हिशेबानं अजिबात बघू नका.

पहिलं म्हणजे हा आपला फुटबॉल नव्हे. आपल्या फुटबॉलला इथं सॉकर म्हणतात. हा म्हणजे लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि हेल्मेट घालून एकमेकांना आडवं करायचं, असा खेळ. माझी आई वर्षभर पेठेत सांगत होती, ‘नातू फुटबॉल खेळतोय.’ फोटो पाठवल्यावर म्हणाली, ‘अरे, हा तर मारामारीला निघालाय.’

आम्ही जानेवारी 2023 मध्ये गेलो होतो. सामन्याचं नाव ऑल-अमेरिकन बाउल, स्टेडियम अलामोडोम, पूर्व विरुद्ध पश्चिम. सगळी बारावीची पोरं. डॅलसहून आय-35 महामार्गाने साडेचार-पाच तास, ऑस्टिनला अडकलात तर सहा. सामन्यात आपल्यासारख्याला फारसं कळत नाही, मध्येच थांबतं, मध्येच जाहिराती. खरं बघायचं ते आठवडाभराच्या सरावात. प्रेक्षकांना कधी आणि कुठे सोडतात ते निघण्याआधी नीट बघून घ्या.

सरावात ‘वन ऑन वन’ नावाचा प्रकार असतो. लाइनमन म्हणजे पुढच्या फळीत धडक देणारी पोरं. त्यातली दोन समोरासमोर, मध्ये हातभर अंतर. एकाने क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, जागेपर्यंत पोचायचं, दुसऱ्याने अडवायचं. मला थेट खासबागेतल्या कुस्त्या आठवल्या. फक्त खडाखडी नाही. शिट्टी झाली की पहिल्याच ठेक्यात निकाल. एकशे पस्तीस किलोचा पोरगा, सहा फूट पाच इंच, आणि पाय मात्र नाचणाऱ्याचे. तो समोरच्याच्या छातीवर तळवे मारतो तेव्हा पॅडचा आवाज गोणी आपटल्यासारखा येतो. बोटांना पांढरी पट्टी गुंडाळलेली, नखं तुटलेली. एक जण तीनदा सलग हरला. चौथ्यांदा पुन्हा रांगेत पुढे येऊन उभा राहिला. प्रशिक्षक काही बोललाच नाही. माझा पोरगा तेव्हा नववीत, शाळेच्या ‘ब’ संघात. तो कठड्याला टेकून बघत होता. परतीच्या वाटेत वेको गावापर्यंत गप्प, मग म्हणाला, ‘बाबा, ती पोरं माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहेत.’ एवढ्यासाठी तरी न्या. व्हिडिओत ते वजन दिसत नाही.

या सामन्यात पोरं टीव्हीवर कॉलेजांच्या टोप्यांतली एक उचलून आपलं कॉलेज जाहीर करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पॅलेस्टाइन नावाच्या टेक्सासमधल्या छोट्या गावचा ॲड्रियन पीटरसन 2004 मध्ये इथंच ओक्लाहोमाचं नाव घेऊन गेला आणि पुढे एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, गाजवली. पण डिसेंबर 2017 पासून कॉलेजच्या करारावर लवकर सही करायची सोय झाली. बहुतेक नामांकित पोरं नाताळाआधीच सही करून येतात, त्यामुळे टोप्यांची मजा कमी झालीय. ताऱ्यांचंही ऐकाल, म्हणजे शाळकरी खेळाडूंना वेबसाइटवाले देतात त्या स्टारचं. फाइव्ह-स्टार पोरं देशभरात तीसेकच. 247स्पोर्ट्स ही वेबसाइट तो आकडा एनएफएलचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात त्यातल्या पहिल्या फेरीच्या 32 निवडींवरून धरते. आणि शाळेत हा खेळ खेळणारी पोरं दहा लाखांवर. त्यातली शंभरात साधारण सात जण कॉलेजात कुठल्या तरी पातळीवर खेळतात. त्यातही डिव्हिजन थ्री (कॉलेज खेळाची तिसरी पातळी) आणि आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) कॉलेजं खेळाची शिष्यवृत्ती देतच नाहीत. ‘कॉलेज फुकट’वाल्याला एवढं सांगा.

आता तुमच्या पोराच्या कामाची गोष्ट. त्याच्या पायाला इथं किंमत आहे, किकर म्हणून, म्हणजे चेंडू पायाने मारणारा खेळाडू म्हणून. पीट गोगोलाक नावाचा हंगेरियन पोरगा 1956 च्या उठावानंतर आईवडिलांबरोबर न्यूयॉर्क राज्यात आला. शाळेत सॉकरचा संघ नव्हता, म्हणून या फुटबॉलमध्ये शिरला आणि तिरकं धावत येऊन पायाच्या वरच्या बाजूने चेंडू मारायला लागला. तोवर सगळे समोरून चवड्याने मारायचे. 1964 मध्ये तो बफेलो बिल्स या व्यावसायिक संघाकडे गेला. आज एकजात सगळे किकर त्याच्यासारखे मारतात. तालमीच्या संघात फ्री किक घेणारं पोर ते महिनाभरात शिकतं. शिवाय इथं फुटबॉल ऑगस्ट ते डिसेंबर आणि शाळेचा सॉकर जानेवारीनंतर, म्हणजे दोन्ही जमतं. डोक्याला मार बसायची भीतीही किकरला बरीच कमी. मी स्वतः पोराला लाइनवर खेळू दिलं नसतं, हे सरळ सांगतो. आमचा दुसऱ्या वर्षी किकरच झाला, आणि सुखी आहे.

फसायचं कुठं, तेही सांगतो. आमचा पोरगा आठवीत असताना घरी जाड कागदाचं पत्र आलं: ‘निवडक खेळाडूंच्या शिबिरासाठी आपल्या मुलाची निवड झाली आहे.’ मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. साडेचारशे डॉलर, हॉटेल वेगळं. तिथं गेल्यावर तीनशे पोरं आणि पार्किंगमध्ये तीनशे बाप, सगळ्यांच्या हातात तेच पत्र. कॉलेजचा एकही प्रशिक्षक नाही. 40 यार्ड पळवून घेतलं, टी-शर्ट दिला, घरी पाठवलं. फी मागणारं आमंत्रण म्हणजे जाहिरात समजा. पोरात खरंच काही असेल तर शाळेचा प्रशिक्षकच फोन करतो.

घराबद्दल. शाळा पत्त्यावरून ठरते. नोकरीसाठी आलात आणि जी शाळा वाट्याला आली तिथं पोर खेळलं, तर काहीच अडचण नाही. पण वर्षभराने केवळ चांगल्या संघासाठी शेजारच्या गावात घर हलवलंत, तर यूआयएल म्हणजे टेक्सासची शालेय क्रीडा संस्था त्याला मुख्य संघातून किमान वर्षभर बाहेर ठेवू शकते. स्टेडियम बघून तर अजिबात भुलू नका. ॲलन गावच्या शाळेने 2012 मध्ये सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार खुर्च्यांचं बांधलं आणि दोन वर्षांत काँक्रीटला तडे गेल्याने ते बंद ठेवावं लागलं. आता चालू आहे, शुक्रवारी रात्री शाळेचा सामना असतो तेव्हा बघण्यासारखं आहे. खरं तर सॅन अँटोनिओच्या आधी असा एखादा शुक्रवार दाखवा.

कागदपत्रं: नववीपासूनचे गुण कॉलेजात खेळण्याच्या पात्रतेत धरले जातात. डिव्हिजन वनला, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीला, ठरलेल्या विषयांचे 16 कोर्स लागतात आणि त्यांत सरासरी 4 पैकी किमान 2.3. तुमचा पोरगा आठवी-नववीच्या वेशीवर येतोय. तिकडे नववी झाली असेल तर मूळ गुणपत्रिका आणि मराठी माध्यम असेल तर प्रमाणित भाषांतर घेऊन या.

आणि पैसे. 1 जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमावता येतं. 2025 पासून कॉलेजं थेटही देऊ शकतात, एका कॉलेजला सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी (2025-26) सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची मर्यादा होती. हे वाचून हुरळून जाऊ नका. तुमचा पोरगा एल-टूवर, म्हणजे तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर, असणार, त्याला काम करून कमावायची परवानगी नाही. एकविसाव्या वर्षी तोही व्हिसा संपतो. असा काही योग आलाच, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जा, प्रशिक्षकाकडे नको.

सामन्याला जाताना पारदर्शक पिशवीच न्या. बायकोची पर्स आम्हाला गाडीत ठेवून यावी लागली, त्यात जयसिंगपूरचं भडंग होतं. सामना संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून खाल्लं.

घर ठरलं की शाळेचं नाव कळवा. तिथल्या सॉकरच्या प्रशिक्षकाला ईमेल कसा लिहायचा ते सांगतो, फुटबॉलवाल्याकडे तोच घेऊन जाईल.