मानपत्र लिहायच्या आधी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या गावचे ग्रामसेवक भाऊसाहेब 31 मेला निवृत्त होतायत आणि निरोप समारंभाची जबाबदारी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत सदस्य म्हणून तुझ्यावर टाकली, हे वाचून फार बरं वाटलं. ‘मानपत्राचा एखादा चांगला नमुना पाठवा’ असं तू लिहिलंयस. नमुना मी पाठवणार नाही. पंचायत खात्यातली माझी सगळी नोकरी सातारा-सांगलीच्या तालुक्यांत गेली, मानपत्रं पुष्कळ ऐकली. त्यांतली बहुतेक एकाच नमुन्यावरून उतरलेली होती. मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष, हसतमुख, ‘आपल्या कार्यकाळात अनेक विकासकामे मार्गी लागली’. नाव बदललं की तोच कागद शेजारच्या गावात चालतो. ज्याच्यासाठी तो वाचला जातो, त्या माणसालाही हे कळत असतं. मान खाली घालून तो ऐकून घेतो, घरी गेल्यावर चौकट भिंतीला लावतो आणि पुन्हा कधी वाचत नाही.

तेव्हा आधी दप्तर उघड. सरपंचांना विचार, भाऊसाहेबांना कशासाठी ते सांगू नकोस, आणि जुनी प्रोसिडिंग बुकं, तक्रार रजिस्टर, पाणीपट्टीच्या वसुलीची पुस्तकं घेऊन एक दुपार बस. एकाच दाखल्यासाठी कुणाला किती खेपा पडल्या, कुठला वाद ग्रामसभेत मिटला, कुठला रस्ता कुणाच्या हट्टामुळे मागासवर्गीय वस्तीपर्यंत गेला, हे सगळं तिथे असतं. वाचणारा भेटत नाही, एवढंच.

तुमच्या गावाचं तर मला माहीत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी तिथे 45 फूट. तुमच्या गावातली खालची आळी शाळेत आणि मंगल कार्यालयात हलवली होती. तेव्हा भाऊसाहेबांनी हाताने आखलेलं एक रजिस्टर मी नंतर पाहिलंय. कुटुंबप्रमुखाचं नाव, माणसं किती, जनावरं किती, कुठल्या खोलीत ठेवलं. हे रकाने कुणीही पाडले असते. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. एका नावापुढे लिहिलेलं, ‘इन्सुलिन आहे, थंड ठेवणे’. दुसऱ्यापुढे, ‘सातवा महिना, वरच्या मजल्यावर नको’. तिसऱ्यापुढे, ‘सासू-सून वेगळ्या खोल्यांत’. वरून आलेल्या कुठल्याही नमुन्यात हा रकाना नव्हता. मानपत्रात हे तीन शेरे जसेच्या तसे घाल. नावं मात्र घालू नकोस, ती त्या घरांची खासगी गोष्ट आहे. त्या तीन ओळी वाचल्या गेल्यावर ‘कर्तव्यदक्ष’ म्हणायची गरज उरत नाही.

दप्तर झालं की माणसांकडे जा. आशाताई, अंगणवाडी सेविका, शाळेचे शिपाई, रेशन दुकानदार यांना विचार, ‘भाऊसाहेबांनी केलेलं एखादं काम सांगा, तुमच्या डोळ्यांसमोर झालेलं.’ ‘ते चांगले होते’ हे उत्तर घेऊ नकोस, आणखी विचार. आणि विरोधी पॅनेलच्या माणसाकडे जायला चुकू नकोस. ज्याला त्यांनी नियमावर बोट ठेवून कधीतरी नाही म्हटलं, तो जर आज म्हणाला की ‘माझं काम केलं नाही, पण दुसऱ्याचंही तसलं काम केलं नाही’, तर यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र सरकारी माणसाला मिळत नाही.

गावातली पोरं विचारतायत, पगार घेऊन काम केलं, मग सत्कार कशाला? या प्रश्नावर चिडू नकोस, तो चांगला प्रश्न आहे. पगार ठरलेल्या कामाचा मिळतो. शेऱ्याच्या रकान्याचा मिळत नाही. बरं, तुमच्या भाऊसाहेबांसारखी माणसं बातमीत येत नाहीत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. ती गाडी सगळ्या महाराष्ट्राला आठवते. कृष्णेचं पाणी त्या वाघिणींपर्यंत पोचवण्यासाठी जे रात्रंदिवस राबले, त्यांतल्या एकाचं तरी नाव त्या पोरांना सांगता येतं का, विचार. मला वाटतं, तिथेच त्यांचं त्यांना उत्तर मिळेल.

आणि हे आपल्या भागात तरी विसरू नये. 1939 मध्ये औंध संस्थानच्या राजाने आपले अधिकार सोडून गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार दिला. नाना पाटील चळवळीत उतरण्याआधी तलाठी होते. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली याच पट्ट्यात प्रतिसरकार उभं राहिलं. देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. अंजनीचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेचे सदस्य म्हणून सुरुवात करून ग्रामविकास मंत्री झाले आणि त्यांनी गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान आणलं. ही नावं आपण भाषणात घेतो. पण ते अभियान गावात उतरलं ते उघड्यावर बसणाऱ्यांना अडवायला पहाटे उठून पांदीवर उभं राहणाऱ्या, लोकांच्या शिव्या खाणाऱ्या ग्रामसेवकांमुळे आणि हातात झाडू घेतलेल्या बायांमुळे. मंत्रालयात लिहिलेलं वाक्य वाडीवस्तीवर नेणारा शेवटचा माणूस हाच असतो. आता कागदोपत्री त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. गावाच्या तोंडी ते भाऊसाहेबच राहणार.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट. तुमच्या ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा गडीही याच वर्षी काम सोडतोय, असं तू जाता जाता एका ओळीत लिहिलंस. त्याला त्याच व्यासपीठावर, त्याच दिवशी, शेजारच्या खुर्चीवर बसव. तेवढीच शाल, तेवढाच फेटा, तेवढंच मोठं मानपत्र. ग्रामसेवकाला निवृत्तिवेतन आहे, याला सरकारी पेन्शन नाही. लाइटचं वेळापत्रक रात्रीचं असलं की रात्री दोनला मोटार चालू करायला नदीवर तो गेलाय. पाणी शुद्ध करायला टाकीत टीसीएल पावडर किती टाकायची हे त्याच्या हाताला माहीत आहे, आणि गावात पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली नाही याचं श्रेय त्याने कधी मागितलेलं नाही.

शिवाय एक काम कर, आणि ते समारंभाच्या आधी कर. गावातले सगळे व्हॉल्व्ह कुठे गाडले गेलेत हे त्या एकट्याला माहीत आहे. अर्धे नव्या काँक्रीट रस्त्याखाली गेले असतील. त्याच्याबरोबर दोन सकाळी गावभर फीर, वही घे, प्रत्येक ठिकाणी तो पायाने दाखवेल तिथे खूण कर, कुठली चावी किती आटे फिरवली की कुठल्या आळीला पाणी जातं ते लिही. बाळू लोहाराच्या जुन्या भट्टीपासून सहा पावलं, असं काहीतरी तो सांगेल, तसंच लिही. मग दहावीला चित्रकला चांगली असलेल्या एखाद्या पोराकडून त्याचा नकाशा काढून घे, खाली त्या गड्याचं नाव घाल आणि कार्यालयात लाव. त्याने जन्मभर डोक्यात वागवलेलं ज्ञान गावाने मागून घेतलं, हा त्याचा खरा मान. शाल ट्रंकेत जाईल. नकाशा नवा माणूस रोज बघेल.

भाऊसाहेबांच्या बाबतीतही असंच एक काम आहे, आणि ते कुणीच करत नाही. ग्रामसेवक निवृत्त होतो तेव्हा त्याच्या मागे लेखापरीक्षणाचे आक्षेप लागलेले असतात. दहा-दहा वर्षांपूर्वीच्या कामाचं एखादं प्रमाणक (व्हाउचर) सापडत नाही, एखाद्या मोजमाप पुस्तकाची प्रत गहाळ असते, आणि तेवढ्यावरून ना-देय दाखला अडतो, ग्रॅच्युइटी अडते. हार घालून ज्याला निरोप दिला, तोच माणूस सहा महिन्यांनी पंचायत समितीच्या व्हरांड्यात पिशवी घेऊन बसलेला मी पाहिलाय, आणि फार वाईट वाटलंय. पैसे खाल्ले असतील तर प्रश्न वेगळा, तिथे गावाने मध्ये पडू नये. पण साधं कागद न सापडण्याचं प्रकरण असेल तर कपाटं ग्रामपंचायतीची आहेत, चाव्या तुमच्याकडे आहेत. आत्ता मे उजाडायच्या आत दोन सदस्य आणि डाटा ऑपरेटर मिळून कपाटं लावा, प्रमाणकं वर्षवार काढा, आक्षेपांची उत्तरं, म्हणजे अनुपालन, तयार करायला त्यांना मदत करा. नव्या माणसाकडे सोपवायच्या दप्तराची आणि सामानाची चार्ज यादी शेवटच्या दिवशी घाईत सही करून घेऊ नका, आठवडाभर आधी मोजून घ्या. नव्या माणसालाही त्याचाच उपयोग.

समारंभाचं थोडक्यात सांगतो. 31 मे टाळा. पूर्वी शाळेत नाव घालताना मास्तर 1 जून जन्मतारीख लिहून टाकायचे, म्हणून 58 पूर्ण होऊन निवृत्त होणाऱ्यांची रीघ आदल्या दिवशी, 31 मेलाच लागते. पंचायत समितीत, शाळांत, तहसीलमध्ये, सगळीकडे कार्यक्रम असतात आणि पाहुणे या मांडवातून त्या मांडवात पळत असतात. तुम्ही पुढच्या रविवारी ठेवा, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, मारुतीच्या देवळापुढे.

आमदारांना जरूर बोलवा, पण त्यांच्यासाठी थांबू नका. दिलेल्या वेळेला सुरू करा. फेटा बांधून दोन तास ताटकळलेला सत्कारमूर्ती आणि नंतर पाऊण तास येणाऱ्या निवडणुकीवर भाषण, हे मी इतक्यांदा पाहिलंय की त्याची चीड येते. भाषणं चारच ठेवा. त्यांतलं एक, जिला घरकुल मिळालं त्या कुणा म्हातारीचं असू दे. तिला माईक धरता येणार नाही, तू धर. वहिनींना आणि मुलांना पहिल्या रांगेत बसवा, ओटी भरा. पुरात भाऊसाहेब शाळेत मुक्कामाला होते तेव्हा त्यांचं घर कुणी सांभाळलं, हे बोलणाऱ्यांपैकी एकाने तरी म्हटलं पाहिजे.

पैशांबाबत मात्र कडक राहा. ग्रामनिधीला हात लावू नका, ठेकेदाराचा रुपया घेऊ नका, आणि शिपाई-ऑपरेटरकडून ‘स्वेच्छेने’ वर्गणी मागू नका. साहेबासाठी हात पुढे केला की खालचा माणूस नाही म्हणू शकत नाही. सोन्याची अंगठी वगैरे कुणी सुचवलं तर स्पष्ट नको म्हण. सरकारी नोकरांच्या वर्तणुकीच्या नियमांत साधा, घरगुती निरोप बसतो. भपका आणि भारी भेट बसत नाही, आणि निवृत्तीच्या दाराशी त्यांच्यामागे चौकशी लावून द्यायची नाही. फ्लेक्सचे पैसे वाचवा. हारांऐवजी वह्या आणा म्हणावं, जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा उपयोगी पडतील.

तू विचारलंयस, मागच्या बॉडीच्या सरपंचताईंचं काय? त्यांना निरोप दिलाच नव्हता ना? आपल्या दोन्ही जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, प्रशासक आले, आणि पाच वर्षं काम केलेले सदस्य नुसते घरी गेले. पुढची बॉडीच नव्हती, तर निरोप देणार कोण? गावात तरी तसं होऊ देऊ नका. ताईंनाही याच कार्यक्रमात बोलवा. फक्त पत्रिकेवर त्यांचं स्वतःचं नाव हवं आणि खुर्चीवर त्या स्वतः हव्यात, त्यांचे मालक नव्हेत. पन्नास टक्के आरक्षण 2011 मध्ये आलं, तरी सत्काराचा हार नवऱ्याच्या गळ्यात पडलेला अजून दिसतो. तू स्वतः निवडून आलेली आहेस. हे तू ठामपणे बोललीस तर कुणी मोडणार नाही.

शेवटचं. समारंभाच्या आधीच्या मासिक सभेत अभिनंदनाचा ठराव घ्या. ‘सर्वानुमते अभिनंदन’ एवढ्यावर भागवू नका. पुराचं रजिस्टर, पाण्याचा नकाशा, ताईंनी मार्गी लावलेलं काम, हे सगळं ठरावाच्या मजकुरात तारखांसकट लिहा. भाऊसाहेबांच्या ठरावाला सूचक म्हणून विरोधी पॅनेलचा सदस्य मिळाला तर उत्तम, अनुमोदक तू हो. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह तिघांना द्या, आणि भाऊसाहेबांची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्या.

मानपत्राचा मसुदा झाला की मला दाखव. एका पानाच्या वर नको. पाण्याच्या गड्याचं आधी लिहायला घे, ते जास्त अवघड जाईल, कारण त्याच्याबद्दल दप्तरात हजेरीशिवाय काही सापडणार नाही. त्यासाठी बायकांशी बोल, पाण्याच्या वेळा त्यांना माहीत असतात.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझे,
काका