दोघींची गोधडी आणि उसवलेल्या पाच ओळी

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण नागपूरला. माझ्या आईची आणि तिच्या सासूबाईंची जुनी सुती लुगडी घेऊन आम्ही दोघींनी ५ फूट बाय ७ फुटांची गोधडी शिवायला घेतली आहे. अर्धा भाग तिचा, अर्धा माझा, आणि महिन्या-महिन्याने पार्सल इकडून तिकडे जाते. तिचे टाके लांब आणि तिरपे पडतात. गेल्या महिन्यात तिला न विचारता मी तिच्या भागातील कडेच्या पाच ओळी उसवल्या आणि बारीक टाक्यांनी पुन्हा घातल्या. आता गोधडी तिच्याकडे पाठवायची वेळ आली आहे आणि मनाला चैन नाही. तिला सांगावे का? आणि पूर्ण झालेली गोधडी कोणाकडे राहावी?

उत्तर : सांगावे, आणि पार्सल तिच्या हाती पडण्याआधी फोन करून सांगावे. जिने लुगड्याच्या चार पदरांतून सुई काढत त्या पाच ओळी घातल्या, तिला गोधडी उलगडताक्षणी त्या आपल्या नाहीत हे कळेल. आणि ते तिला तुमच्या तोंडून न कळता कापडावरून कळले, तर दुखणे टाक्यांपुरते राहणार नाही. कारणे न देता, "मी तुझ्या ओळी उसवल्या, तुला विचारायला हवे होते," एवढेच म्हणा.

आमच्या घरी आजीच्या हातची म्हणून एक गोधडी आहे. तिच्यावर हात फिरवला की तांदळाच्या दाण्याएवढे टाके एका कोपऱ्याजवळ एकदम बोटाच्या पेराएवढे होतात आणि पांढरा दोरा संपून निळसर लागतो. त्या कोपऱ्याला आजीची जाऊ बसत असे. ती जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. तिच्या हातचे म्हणावे असे घरात दुसरे काहीही उरलेले नाही. ते टाके कोणी नीटनेटकेपणासाठी उसवले असते तर, हा विचारही मला सहन होत नाही. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : तिरपे टाके हा तुमच्या गोधडीतला दोष नाही.

उसवण्याविरुद्ध कापडाचेही कारण आहे. वर्षानुवर्षे धुतलेले लुगडे विरलेले असते. सुईची जुनी छिद्रे त्यात तशीच राहतात आणि शेजारी नवी पडली की कापड ओळीच्या ओळीने फाटू लागते. त्यामुळे त्या पाच ओळी आता पुन्हा उसवू नका. त्या पाच ओळींमध्ये चार मोकळ्या जागा आहेत. त्या चार जागांत तिने आपल्या पद्धतीने धावदोरा घालावा, म्हणजे कडेला दोघींचे हात आलटून पालटून दिसतील आणि गोधडीची सर्वांत जास्त झिजणारी बाजू भक्कमही होईल.

पुढच्या कामासाठी ही डावी-उजवी वाटणी मात्र सोडा. दोन अर्धे शेजारी ठेवले की तुलना होणारच, शिवाय एकीचा दोरा ओढून आणि दुसरीचा सैल असेल तर एक बाजू आक्रसते. आपल्याकडे गोधडी कडेपासून आत, फेऱ्या-फेऱ्याने शिवण्याची रीत आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रियाही आपली कवंदी अशीच कडेकडून मध्याकडे शिवत नेतात. तुमच्या मापाच्या गोधडीचा सर्वांत बाहेरचा फेरा २४ फुटांचा होतो, आणि दोन ओळींत पाऊण इंच अंतर ठेवले तर पुढचा प्रत्येक फेरा अर्ध्या फुटाने लहान होत जातो. एक फेरा तिचा, एक तुमचा, असे ठरवले तर काम जवळजवळ सारखे वाटले जाते आणि ताणही सगळीकडे समान बसतो. पाठवण्यापूर्वी सगळे पदर वीत-वीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी टाचून घ्या, नाहीतर प्रवासात आतला पदर सरकतो. तिचे टाके लांब पडण्यामागे जाड पदर आणि दुखणारी बोटे हेही कारण असू शकते. तिला एकदा विचारा, आणि हवी असल्यास लांब, मजबूत सुई पार्सलमध्ये ठेवा.

राहिला प्रश्न गोधडी कोणाकडे राहावी याचा. कापून वाटून घेण्याचा विचार कोणी सुचवला तरी करू नका. कापलेल्या ठिकाणी प्रत्येक ओळीचा दोरा सुटतो. ती आलटून पालटून वापरावी, आणि पहिला हिवाळा नागपूरला जावा, कारण तिथली थंडी डोंबिवलीपेक्षा कितीतरी कडक असते. संक्रांतीनंतर थंडी ओसरली की तिने ती साध्या पाण्यात हाताने धुवावी, न पिळता सावलीत आडवी पसरून वाळवावी, आणि मग तुमच्याकडे पाठवावी.