जुना लॅपटॉप बंद पडलाय, नवा घेताना आय५ घेऊ की रायझन ५?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: सहा वर्षं जुना लॅपटॉप अचानक सुरू होईनासा झाला, दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेल्याचं सांगितलं, काम म्हणजे ब्राउझर, एक्सेल, व्हिडिओ कॉल आणि अधूनमधून फोटो एडिटिंग. प्रोसेसरचा (आय५ इंटेलचा, रायझन ५ एएमडीचा) प्रश्न तुम्ही पहिला विचारलाय, पण माझ्या मते तो बराच नंतर येतो.

आधी मदरबोर्ड खरंच गेलाय का ते बघा. अडॅप्टर काढा, बॅटरी निघणारी असेल तर तीही काढा, पॉवर बटण तीसेक सेकंद दाबून धरा आणि नुसता अडॅप्टर लावून सुरू करून बघा. अडकलेला चार्ज निघून गेला की काही मशीन चालू होतात. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर एचडीएमआयने टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर बोर्ड ठीक आहे, बिघाड स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. टीव्हीवरही काही नसेल तर रॅम (चालू कामाची मेमरी, तिच्या पट्टीला स्टिक म्हणतात) काढून पुन्हा घट्ट बसवा, दोन स्टिक असतील तर एकेक लावून बघा. एलईडी ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर तो एरर कोड असतो, कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये त्याचा अर्थ मिळतो. मात्र टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा खालचं झाकण फुगलं असेल तर यातलं काहीच करू नका. बॅटरी फुगलेली आहे, चार्जिंगला लावायची नाही.

स्क्रीन, कीबोर्ड, बिजागरी, बॅटरी, चार्जिंगचं सॉकेट यांपैकी काही गेलं असेल तर दुरुस्ती परवडते. सहा वर्षांच्या मशीनला नवा मदरबोर्ड मी घालणार नाही. उरलेले सगळे भागही तितकेच जुने आहेत.

जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये देण्याआधी डिस्क काढून घ्या. अडीच इंची साटा (डिस्क जोडायची जुनी पद्धत) असेल तर साधं यूएसबी एनक्लोजर (डिस्क बाहेरून जोडायची डबी) चालतं. एम.२ पट्टी असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई (नवी, वेगवान पद्धत) हे स्टिकरवर वाचा. साधारणपणे एक खाच असेल तर एनव्हीएमई आणि दोन असतील तर साटा, पण अपवाद आहेत, म्हणून दोन्ही चालणारं एनक्लोजर घेतलेलं बरं. दुसऱ्या मशीनला जोडल्यावर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कचं कुलूप) ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप वापरत होता त्यात लॉगिन केलं की ती बहुधा तिथे सापडते. स्टोरेज बोर्डावरच सोल्डर केलेलं, म्हणजे डाग देऊन पक्कं बसवलेलं असेल (२०१८ नंतरच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये तसं असतं, शिवाय एन्क्रिप्टेड) तर बॅकअप नसल्यास डेटासाठी तोच बोर्ड जिवंत करावा लागतो. मग भंगारात देण्याआधी चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे (बोर्डावरची एकेक चिप दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

आता नवा. माझा नियम एकच: जे नंतर बदलता येत नाही त्यावर पैसे घालायचे. एसएसडी बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये नंतर मोठी टाकता येते, त्यामुळे ५१२ जीबीने सुरुवात केली तरी चालेल. फक्त ईएमएमसी (संथ, बोर्डावर पक्कं बसवलेलं स्टोरेज) लिहिलेलं दिसलं की पुढे चला. रॅमचं मात्र तसं नाही. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) हा शब्द दिसला की ती जवळजवळ नेहमीच सोल्डर केलेली असते, म्हणजे आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. ब्राउझरचे वीस टॅब आणि व्हिडिओ कॉल एकत्र चालले की ८ जीबी भरतेच. १६ च्या खाली जाऊ नका. साधी डीडीआर५ (सुट्या पट्ट्यांची रॅम) असेल तर स्लॉट किती आणि रिकामे किती ते विचारा. एका स्टिकपेक्षा दोन असलेल्या बऱ्या, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर चालतं आणि एकाच स्टिकवर ते मंदावतं. जुन्या लॅपटॉपमधली डीडीआर४ रॅम डीडीआर५ वाल्या नव्यात बसणार नाही, तो हिशोब धरू नका.

फोटो एडिट करताय तर स्क्रीनकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण कंपन्या काटकसर करतात ती इथेच. ‘फुल एचडी आयपीएस’ एवढ्याने काहीच कळत नाही. रंगांचा आकडा शोधा (एनटीएससी आणि एसआरजीबी ही स्क्रीन किती रंग दाखवते ते मोजायची मापं). ४५ टक्के एनटीएससी म्हणजे फिके रंग, लाल विटकरीकडे झुकलेला. अशा स्क्रीनवर फोटो ठीक करून फोनवर पाठवला की तो भडक दिसतो, कारण फिक्या स्क्रीनला पुरे पडावं म्हणून तुम्ही रंग वाढवून ठेवलेले असतात. १०० टक्के एसआरजीबी हवं (काही ठिकाणी तेच ७२ टक्के एनटीएससी असं लिहितात). ब्राइटनेस किमान ३०० निट्स. २५० ची स्क्रीन खिडकीजवळ वाचताना डोळे ताणते. १९२० बाय १२०० मिळाली तर उत्तमच: १०८० वाल्यापेक्षा एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात. आणखी एक मेख अशी की एकाच नावाचं मॉडेल तीन-चार वेगवेगळ्या स्क्रीन लावून विकलं जातं. म्हणून नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. विक्रेत्याकडून पूर्ण पार्ट नंबर घ्या आणि तो कंपनीच्या साइटवर टाकून बघा.

बॅटरीचे ‘१२ तास’ विसरा, वॉट-अवर (बॅटरीत मावणारी वीज) वाचा. चाळिशीतला आकडा म्हणजे चार्जर सोबत ठेवावा लागणार, साठ-सत्तर असेल तर बऱ्याचदा दिवस निघतो. चार्जिंग यूएसबी-सीने होतं का तेही बघा. होत असेल तर अडॅप्टर गेल्यावर कुठल्याही चांगल्या कंपनीचा ६५ वॉटचा पॉवर डिलिव्हरी चार्जर चालतो, गोल पिनवाला असेल तर नेमकी तीच पिन शोधत बसावं लागतं. यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग आणि डिस्प्ले दोन्ही मिळेलच असं नाही. काही पोर्ट फक्त डेटाचे असतात.

आता आय५ की रायझन ५. दोन्ही नावं इतकी मोठी छत्री झालीत की त्यांच्याखाली काहीही उभं असतं. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू शेजारी ठेवा. तिसरा अंक सांगतो आतली रचना कुठल्या पिढीची: ७५२०यू झेन २ म्हणजे एएमडीची २०१९ मध्ये आलेली रचना, ७५३०यू झेन ३, ७५४०यू झेन ४. ७५२०यू मध्ये चारच कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग), बाकी दोन्हींत सहा. डब्यावर मात्र तिन्हींना ‘रायझन ५, ७००० सिरीज’. इंटेलकडेही तेच, तिथे आय५ चं नाव आता कोअर ५ आणि कोअर अल्ट्रा ५ झालंय. कोअर ५ १२०यू हा ‘अल्ट्रा’ नसलेला प्रोसेसर जुन्या, तेराव्या पिढीच्या रचनेवरचा आहे. तो वाईट नाही, पण नव्याच्या किमतीत घेऊ नका. इंटेलचेच एन१००, एन२०० हे फार हलक्या कामाचे, तुमच्यासाठी नाहीत. स्नॅपड्रॅगनवाले बॅटरीला छान, पण ते आर्म (इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी रचना) असल्यामुळे जुना प्रिंटर, स्कॅनर किंवा डाँगलवर चालणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा ड्रायव्हर आर्मसाठी आहे का ते आधी तपासा. तुमच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. त्याने वजन आणि उष्णता तेवढी वाढेल.

बजेट कमी पडत असेल तर स्वस्तातल्या नव्यापेक्षा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेलं पण नीट करून विकलेलं, बिझनेस मशीन (थिंकपॅडची टी सिरीज, लॅटिट्यूड, एलिटबुक) मला जास्त पटतं. कीबोर्ड आणि बिजागऱ्या दणकट असतात, सुटे भाग मिळतात. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचाच घ्या: त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणारी सेटिंग्ज) पासवर्ड नाही ना, हे बघा. विंडोज रिसेट करून नेट जोडल्यावर एखाद्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर मशीन अजून त्या कंपनीच्या नोंदीत आहे, लगेच परत करा. बॅटरीची क्षमता मूळच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

नवा असो वा जुना, रिटर्नची मुदत संपायच्या आत तपासून घ्या. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ दिसतं. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम सोल्डर आहे, विक्रेत्याने काहीही सांगितलेलं असो. पूर्ण पांढरी, काळी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन करून मेलेले पिक्सेल शोधा. प्रत्येक पोर्टमध्ये काहीतरी लावून बघा. अर्धा तास व्हिडिओ कॉल चालवून पंख्याचा आवाज ऐका. रात्री स्लीपवर ठेवून सकाळी बॅटरी किती उतरली ते बघा: दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त उतरली तर बायोस आणि ड्रायव्हर अपडेट करा, तरीही तेच झालं तर बदलून मागा. आणि बिटलॉकरची की पहिल्याच दिवशी कागदावर उतरवून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, घरातल्या कागदपत्रांत ठेवा.