वाचकांचे प्रश्न : फाटकाचा रिमोट, त्याची जोडणी आणि निगा

प्रश्न : आमच्या सरकत्या फाटकाला दोन वर्षांपूर्वी मोटर बसवली. पूर्वी गाडी कोपऱ्यावर वळताच रिमोटने फाटक उघडत असे. गेल्या दिवाळीपासून मात्र संध्याकाळी परतताना गाडी फाटकाला अगदी खेटून उभी करावी लागते. सकाळी निघताना काहीही अडचण येत नाही. घरातील तिन्ही रिमोटचे सेल बदलून झाले. मेकॅनिक नवे रिमोट घ्यायला सांगतो. ते घ्यावेत का? – एक वाचक, बेसा, नागपूर

उत्तर : नवे रिमोट घेण्याची घाई करू नये. तीन रिमोट एकाच सुमारास आणि एकाच प्रकारे बिघडत नाहीत; म्हणजे दोष बोलणाऱ्याचा नसून ऐकणाऱ्याचा, अर्थात मोटरच्या कंट्रोल बोर्डवरील रिसीव्हरचा किंवा त्याच्या आसपासचा आहे. शिवाय ही अडचण संध्याकाळीच येते आणि ती दिवाळीपासून सुरू झाली, हे आपणच लिहिले आहे. दिवाळीत फाटकाच्या खांबावर नवे एलईडी दिवे लावले होते का, किंवा कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर मोटरच्याच पेटीत बसवला होता का, हे आठवून पाहावे.

असे विचारण्याचे कारण सांगतो. आपल्याकडील फाटकांचे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झ या रेडिओ लहरीवर आणि अतिशय अल्प शक्तीने चालतात. स्वस्त एलईडी दिव्यांतील किंवा ॲडॉप्टरमधील विद्युत मंडल याच पट्ट्यात सतत खरखर करत असेल, तर रिमोटचा संदेश रिसीव्हरला वेगळा ओळखता येत नाही. कूलर जोरात चालू असताना पलीकडच्या खोलीतील हळू आवाजातले बोलणे आपल्याला ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार आहे. याची परीक्षा सोपी आहे. अंधार पडल्यावर घरातील एकाने रिमोट घेऊन कोपऱ्यावर उभे राहावे आणि दुसऱ्याने खांबावरील दिवे, कॅमेरा, अंगणातील माळ असे एकेक बंद करत जावे. जे बंद करताच फाटक लांबून उघडू लागेल, ते दोषी. तो दिवा चांगल्या प्रतीचा घ्यावा किंवा ॲडॉप्टर रिसीव्हरपासून काही फूट दूर हलवावा.

दिवे निर्दोष ठरले, तर मुख्य वीजपुरवठा एमसीबीवरून बंद करून मोटरचे झाकण उघडावे आणि ॲन्टेनाची तार पाहावी. या लहरीसाठी साध्या तारेची योग्य लांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते. ती सरळ, उभी आणि लोखंडी पेटीच्या बाहेर असावी, विजेच्या तारांबरोबर बांधलेली नसावी. माझ्या स्वतःच्या घरी बसवणाऱ्याने हीच तार नीटनेटकी दिसावी म्हणून वेटोळे करून झाकणाखाली खुपसली होती, आणि मी जवळजवळ वर्षभर रिमोटलाच बोल लावत होतो. तार सरळ करून प्लॅस्टिकच्या नळीतून खांबाच्या वर काढली, त्याच दिवसापासून रस्त्याच्या पलीकडून फाटक उघडू लागले.

तीनपैकी एकच रिमोट अडत असता, तर मात्र मी सेलपासूनच सुरुवात करायला सांगितले असते. रिमोटवरचा बारीक दिवा लागतो म्हणजे सेल चांगला आहे, असे समजू नये. दिव्याला फार थोडी शक्ती पुरते, लहरी दूर पाठवायला अधिक लागते. सेलच्या टोकाशी असलेल्या स्प्रिंगवर पांढरट किंवा हिरवट थर दिसला, तर तो खोडरबराने हलकेच घासून काढावा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासण्याची युक्ती येथे चालत नाही, कारण टीव्हीचा रिमोट अवरक्त प्रकाशावर चालतो आणि फाटकाचा रेडिओ लहरींवर.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २४ फ्लॅट असून फाटकाचे ४० च्या आसपास रिमोट वाटले गेले आहेत. काही भाडेकरू रिमोट परत न करताच गेले, काही सभासदांनी बाजारातून डुप्लिकेट करून घेतले. असे रिमोट निकामी कसे करावेत? – सोसायटीचे सचिव, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : रिसीव्हरच्या स्मरणात प्रत्येक रिमोटचा ओळख क्रमांक नोंदलेला असतो. बोर्डवरील लर्न बटण दाबले की दिवा लागतो, आणि त्या काही सेकंदांत ज्या रिमोटचे बटण दाबावे त्याची नोंद होते. नोंद पुसण्यासाठी बहुतेक बोर्डांवर तेच बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरावे लागते. नेमकी रीत माहितीपुस्तिकेत पाहावी. मात्र त्याने सगळ्याच नोंदी एकदम पुसल्या जातात. एकच रिमोट काढून टाकण्याची सोय काही रिसीव्हरांत असते, पण तो कितव्या क्रमांकावर नोंदला हे ठाऊक नसेल तर ती सोय असून नसल्यासारखी.

आता आपल्या पत्रातील डुप्लिकेटचा मुद्दा, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. बाजारात सहज नक्कल होते ती फिक्स्ड कोडच्या रिमोटची. अशा रिमोटचा कोड लाखांत वेगळा असला, तरी तो दर वेळी तोच पाठवला जातो, आणि नकलेत हुबेहूब तोच उतरतो. म्हणजे आपण सर्व नोंदी पुसल्या आणि रविवारी सभासदांना बोलावून त्यांचे मूळ रिमोट पुन्हा नोंदवले, तर त्या रिमोटवरून काढलेल्या सगळ्या नकलाही त्याच क्षणी पुन्हा जिवंत होतील. आपले रिमोट या जातीचे असतील, तर केवळ नोंदी पुसून भागणार नाही. रोलिंग कोडचा, म्हणजे दर वेळी बदलणारा कोड ओळखणारा रिसीव्हर आणि त्याचे रिमोट घ्यावेत, असेच मी सुचवीन. त्यासाठी मोटर बदलावी लागत नाही. बाहेरचा लहान रिसीव्हर बोर्डवरील पुश बटणाच्या टोकांना जोडता येतो. मात्र जुन्या रिसीव्हरच्या नोंदी पुसायला किंवा तो काढून टाकायला विसरू नये, नाहीतर जुने रिमोट चालतच राहतील. रिसीव्हर घेताना त्यात किती रिमोट मावतात हे आधी विचारावे, कारण स्मरण भरले की नवा रिमोट स्वीकारला जात नाही आणि दोष उगीचच रिमोटवर येतो. नोंदवताना प्रत्येक रिमोटवर क्रमांक लिहून तो फ्लॅट क्रमांक आणि तारखेसह वहीत उतरवावा. ही वही पुढच्या सचिवांच्या हाती किल्ल्यांबरोबरच सोपवली जावी.

प्रश्न : नातवाने दुपारभर रिमोटची बटणे दाबून खेळ केला. तेव्हापासून फाटक दाद देत नाही. – एक वाचिका, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : फाटकाजवळ उभ्या राहून बटण लागोपाठ दोनदा, मध्ये क्षणभर थांबून दाबून पाहावे. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये दर दाबण्याला मोजणी एकाने पुढे जाते; फाटकापासून दूर दाबत राहिल्यास रिसीव्हरची मोजणी मात्र मागे राहते. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या कीलॉक पद्धतीत रिसीव्हर साधारणतः पुढचे १६ आकडे लगेच मान्य करतो. त्याहून पुढे गेलेला रिमोट लागोपाठ दोन बरोबर संदेश आल्यावरच मानला जातो. एवढ्याने जमले नाही, तर सेल पाहावा आणि मग रिमोट पुन्हा नोंदवावा.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात या यंत्रणेची काय काळजी घ्यावी? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : मे महिन्यात येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत त्याहून कितीतरी अधिक तापते. रिमोट डॅशबोर्डवर ठेवू नये. उष्णतेने सेल लवकर उतरतो आणि प्लॅस्टिक वाकून बटण आत अडकते. अडकलेल्या बटणाचा रिमोट सतत संदेश पाठवत राहिला, तर घरातील इतर रिमोटही चालेनासे होतात, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पावसाळ्यापूर्वी मोटरच्या पेटीत तारा शिरतात ती भोके रबरी बुचांनी किंवा सिलिकॉनने बंद करावीत. पाणी जितके नुकसान करते तितकेच मुंग्या आणि पाली करतात. बोर्डच्या उबेला त्या हमखास येतात. फाटकाच्या दोन्ही बाजूंच्या फोटोसेलच्या (वाटेत काही आल्याचे ओळखणाऱ्या प्रकाश-संवेदकांच्या) काचांवरील धूळ आणि कोळिष्टके मऊ फडक्याने पुसावीत आणि फाटक बंद होत असताना मध्ये झाडूचा दांडा धरून ते थांबते व मागे फिरते का, हे महिन्यातून एकदा पाहावे. ज्या घरी लहान मुले आहेत तेथे यात कसूर होऊ देऊ नये, आणि फाटक डोळ्यांना दिसत नसेल तर रिमोट दाबू नये.

वादळात वीज गेली की मोटर मोकळी करण्याची किल्ली लागते. आत येण्यास दुसरी वाट नसेल, तर ती फक्त घरात असून उपयोग नाही; एक किल्ली गाडीत किंवा विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे असावी. तीही अधूनमधून फिरवून पाहावी आणि मोटर मोकळी असताना फाटक हाताने ढकलावे. ते जड जात असेल, तर रुळातली माती आणि चाकांचे बेअरिंग आधी पाहावे, रिमोटकडे नंतर वळावे.