आईला सांगू नका

"आईला कॅन्सर हा शब्द तेवढा कळू देऊ नका, बाकी काहीही बोला." कर्करुग्णांच्या विभागात समुपदेशक म्हणून काम करताना ही विनंती मी इतक्यांदा ऐकली आहे की, रुग्णाला बाहेर बसवून एकटाच आत आलेला मुलगा किंवा जावई दिसला, तर तो काय म्हणणार याचा अंदाज येतो. सांगितले तर माणूस खचेल आणि न सांगितले तर आपण त्याला फसवतो आहोत, अशा पेचात अनेक घरे सापडतात. त्यांच्यासाठी एका आईची हकीकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावच्या या बाई साठीच्या आसपासच्या होत्या. पोट फुगले म्हणून दाखवले, तेव्हा अंडाशयाचा कर्करोग पोटात पसरल्याचे निष्पन्न झाले आणि दर २१ दिवसांनी केमोथेरपी सुरू झाली. पोटात पाणी झाले आहे, ते सुकवायला सलाईन लावतात, असे घरच्यांनी त्यांना सांगितले होते. केस गळाले तेव्हा 'औषधाची उष्णता' हे कारण पुरले. रुग्णालयातल्या पाट्या इंग्रजीत होत्या, त्यामुळे तो धोका नव्हता. मात्र केमोच्या खोलीत डोक्याला रुमाल बांधलेल्या शेजारणीने "तुमची कितवी?" असे विचारले, तेव्हा बाईंनी सहज "दुसरी" असे उत्तर दिले होते. हे मला परिचारिकेने सांगितले. मुलाला ते ठाऊक नव्हते.

तो आला होता ते आई जेवत नाही, वजन उतरत चालले आहे, म्हणून. त्याला 'सांगायलाच हवे' असे मी म्हणाले नाही. तुम्हाला नेमकी कशाची भीती वाटते, एवढेच विचारले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की, त्याच्या चुलत्यांना डॉक्टरांनी तोंडावर निदान सांगितले, चुलत्यांनी अंथरूण धरले आणि दोन महिन्यांत ते गेले; 'तू सांगू दिलंस म्हणून गेले' हा बोल चुलतभाऊ भावकीत अजून ऐकतो. आपल्याकडे आजार एका शरीराला होतो, पण त्याचा जाब घरातल्या कोणाला तरी द्यावा लागतो, आणि गप्प बसण्याचे एक मोठे कारण तिथे असते. डॉक्टरांनाही यातून वाट काढावी लागते. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये असे म्हटले आहे, पण आजाराची माहिती कोणाला असावी हे सांगताना त्याच कलमात रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र असे तिघेही येतात. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली, उपचारासाठी सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची स्वतःची, पुरेशी माहिती मिळाल्यानंतरची संमती लागते, असे स्पष्ट केले आहे.

मुलाच्या परवानगीने मी बाईंशी एकटीने बोलले, आणि न जेवण्याचे कारण निराळेच निघाले. "लेकाच्या नोकरीसाठी जोतिबाला पाच खेटे बोलले होते. तीन झाले, मग गुडघं धरलं. राहिलेल्या दोन खेट्यांचं हे हाय," त्या म्हणाल्या. माघ महिन्यातल्या रविवारी कोल्हापूरहून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जाण्याला खेटे म्हणतात. ते आता जमणार नाही म्हणून त्यांनी रविवारचा कडक उपवास धरला होता, आणि तो हळूहळू सोमवारपर्यंत लांबत होता. दुसरी गोष्ट सांगताना त्यांचा आवाज उतरला: सुनेने त्यांची भांडी वेगळी केली होती आणि ती नातवाला त्यांच्याजवळ फिरकू देत नव्हती.

सुनेला बोलावले तर ती रडू लागली. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात, तेव्हा सर्दी झालेल्या मुलाला जवळ जाऊ देऊ नका, भांडी उकळून घ्या, असे डॉक्टरांनीच तिला बजावले होते. ती सासूला जपत होती, परंतु कारण सांगायची तिला घरातून बंदी होती. जे सांगितले गेले नाही, ती जागा बाईंनी आपल्या जगातल्या ओळखीच्या गोष्टींनी भरून काढली होती: देवाचा कोप आणि सुनेचा दुरावा. माझ्या मते त्या घरातले मौन आजाराच्या नावापेक्षा जास्त महाग पडले होते.

मग मुलाला शेजारी बसवून मी त्यांना विचारले, "आजाराचं सगळं तुम्हाला स्वतःला ऐकायचं आहे, की काही मुलावर सोपवायचं?" अशा प्रश्नावर पुष्कळ जण "पोराला विचारा" म्हणतात, आणि विचारल्यानंतर दिलेले ते उत्तर हा त्यांचा स्वतःचा निर्णय असतो. या बाईंचे उत्तर मात्र अनपेक्षित होते. "नाव नको. नाव घेतलं की घर रडत बसंल. हे देवाचं हाय का, आणि पोराला माझ्यापासनं लागंल का, एवढं सांगा." दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते: लागत नाही. पहिल्यावर मी म्हणाले, "देवाचं मी काय सांगणार? पण पाचही खेटे पूर्ण केलेल्या बायका याच खुर्चीवर बसून गेल्या आहेत." त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या. उपवास सोडा असे मी म्हणाले नाही. रविवारी दूध, राजगिरा आणि शेंगदाण्याचे लाडू चालतील, असे आहारतज्ज्ञांशी बोलून ठरले. जपायचे दिवस मोजायला सुनेने दिनदर्शिका त्यांच्या खाटेशेजारी टांगली.

चौथ्या केमोच्या वेळी त्यांनी आपणहून डॉक्टरांना विचारले, "हे परत येतं का?" मुलगा चपापला. डॉक्टरांनी सरळ सांगितले की अनेकदा येते, म्हणून तपासण्या चालू ठेवायच्या. त्या खचल्या नाहीत असे मी म्हणणार नाही. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ट्रंक काढायला लावून पाटल्या कोणाला, ठुशी कोणाला हे त्यांनी सांगून टाकले. मुलगा मला फोनवर म्हणाला, "मॅडम, आई रडली, पण आमच्यासमोर रडली."

त्या माघात उरलेले दोन खेटे मुलाने घातले. दुसऱ्या रविवारी डोंगरावरून त्याने घरी फोन केला, तेव्हा नातू त्यांच्या मांडीवर बसला होता. केमोनंतरचा तो अठरावा दिवस होता, आणि तो त्यांनीच मोजून ठेवला होता.